पूर्वीचा पाऊस

'पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही,' हे वाक्य आम्ही जबलपुरात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या आजोबांच्या पिढीने ते म्हटले, वडिलांच्या पिढीने म्हटले, आणि आता केस पांढरे झाल्यावर आम्हीही ते म्हणू लागलो आहोत. एकच तक्रार तीन पिढ्यांनी केली की तिच्यावरचा विश्वास उडतो. प्रत्येक पिढीचा पाऊस जर मागील पिढीच्या पावसाहून उणा असता, तर एव्हाना नर्मदेच्या पात्रात वाळूच उरली असती. तसे तर झालेले नाही. मग ही तक्रार म्हणजे केवळ वार्धक्याचा उसासा समजावयाचा, की तिच्यात काही तथ्यांश आहे?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी दोन गोष्टींची फारकत केली पाहिजे. एका वर्षी पाऊस कमी, दुसऱ्या वर्षी अधिक, एखादे दशक कोरडे, पुढचे ओले, हा झाला हवामानाचा चढउतार. परंतु ज्या पातळीभोवती हा चढउतार चालतो ती पातळीच सरकली, किंवा चढउताराची रीतच पालटली, तर त्याला बदल म्हणावे लागेल. माणसाच्या स्मृतीला हा भेद करता येत नाही. तिला विलक्षण वर्षे तेवढी आठवतात. साधारण वर्षांचा तिला विसर पडतो. म्हणून या खटल्यात स्मृतीवाचून अन्य साक्षीदार शोधले पाहिजेत. सुदैवाने जबलपूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश अशा साक्षीदारांनी समृद्ध आहे. दगड, गुहा, नदी, तळी, शेतांचे बांध, सरकारी दप्तर आणि पर्जन्यमापक यंत्र या सर्वांची जबानी आपण क्रमाने ऐकू.

पहिली साक्ष पाषाणाची. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहावयास जाणारा प्रवासी लम्हेटा घाटावर क्वचितच थांबतो. परंतु भूशास्त्राच्या जगात या लहानशा घाटाचे नाव भेडाघाटाहून मोठे आहे. येथील थरांना 'लमेटा थर' म्हणतात, आणि गुजरातेपासून विदर्भापर्यंत जेथे जेथे असे थर सापडले तेथे तेथे त्यांना आमच्या या घाटाचेच नाव मिळाले. १८२८ साली, पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले स्लीमन यांना जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर काही अश्मीभूत हाडे मिळाली. हिंदुस्थानात हाती आलेली डायनोसॉरची ती पहिली हाडे होत. ती कलकत्त्यास गेली. १८७७ साली लिडेकर यांनी त्या प्राण्याचे 'टायटनोसॉरस इंडिकस' असे नामकरण केले. आणि नंतर ती हाडे बेपत्ता झाली. नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांतील एक मणका कलकत्त्याच्या संग्रहात पुन्हा ओळखून काढला, आणि २०१३ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध केला.

पण आम्हांला येथे त्या प्राण्याशी कर्तव्य नाही. तो ज्या मातीवर चालला तिच्याशी आहे. लमेटा थरांत चुनखडीचा मोठा भाग आहे, आणि ती चुनखडी समुद्रातील नसून जुन्या जमिनीत जागच्या जागी तयार झालेली आहे. पावसाळ्यात भिजलेल्या आणि दीर्घ कोरड्या ऋतूत सुकणाऱ्या जमिनीत पाणी उडून जाते व चुना मागे राहून त्याचे खडे बनतात. आपल्या पठारावरच्या शेतकऱ्याला असे खडे परिचित आहेत. त्यांवरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश निमकोरडा होता. आणखी एक गोष्ट या चुन्यात बंदिस्त होती. जमिनीत चुना बनताना हवेतील कर्बवायूची खूण त्यात उमटते. १९९५ साली अँड्रूज, टंडन आणि डेनिस या तिघांनी मध्य भारतातील या थरांच्या चुन्याचे पृथक्करण करून त्या काळच्या हवेत कर्बवायू किती असावा याचा अंदाज बांधला. तो आजच्या प्रमाणाहून पुष्कळच अधिक होता. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

याहून जुनी साक्ष आणखी नवलाची आहे. पृथ्वीच्या प्राचीन दक्षिणखंडाला सारे जग आज 'गोंडवन' म्हणते. हे नाव १८७२ च्या सुमारास मेडलिकट यांनी योजिले, आणि ते गढा-मंडल्याच्या गोंडांच्या भूमीवरून, म्हणजे आमच्याच शेजारावरून घेतलेले आहे. या गोंडवन थरांच्या तळाशी हिमनद्यांनी वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा थर आहे, आणि चंद्रपूरजवळ इरई येथे पैनगंगेच्या पात्रात हिमाने घासलेल्या खडकावरचे ओरखडे एकोणिसाव्या शतकातच पाहण्यात आले. जेथे आज वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो तेथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होते! अर्थात तेव्हा ही भूमीच दक्षिण ध्रुवाच्या जवळ होती. त्या मानाने अगदी अलीकडच्या काळातील, नर्मदेच्या काठच्या जुन्या गाळांत पाणघोड्यांचे आणि आजच्याहून प्रचंड अशा हत्तींचे अवशेष मिळतात. १९८२ साली अरुण सोनकिया यांना याच नर्मदेच्या काठी हथनोरा येथे प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. त्या मानवाने जी नर्मदा पाहिली तिचे काठ आजच्यासारखे नव्हते.

ही साक्ष ऐकून कोणी म्हणेल, हवामान सदैव बदलतच आले आहे, मग आज त्याची एवढी चिंता कशाला? हे म्हणणे खरे आहे, परंतु अपुरे आहे. या बदलांना लाखो, कोट्यवधी वर्षे लागली. भूखंड सरकले, पर्वत उठले, तेव्हा ते घडले. आणि त्या काळी येथे कोणी गहू पेरून त्यावर संसार चालवीत नव्हता. दगडाची साक्ष आपल्याला बदलाची शक्यता दाखविते. त्याचा वेग आणि त्याची किंमत समजण्यास मनुष्याच्या काळातील साक्षीदार हवेत.

असा एक साक्षीदार बस्तरच्या अरण्यात आहे. कांगेर खोऱ्यातील दंडक गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने चुन्याचे स्तंभ वाढले आहेत, आणि झाडाला जशी वलये तसे त्यांना थर आहेत. पाण्यात प्राणवायूचे हलके आणि जड असे दोन प्रकार असतात. पाऊस जोराचा झाला की जड प्रकाराचे प्रमाण घटते, आणि ते प्रमाण त्या त्या थरात कायमचे नोंदले जाते. आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या गुहेतील स्तंभावरून इसवी सन ६०० पासून १५०० पर्यंतचा पावसाचा इतिहास मांडला. या इतिहासात चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत पावसाचे दीर्घ क्षीण काळ आढळतात. महाराष्ट्राच्या परंपरेत 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो १३९६ पासून १४०७ पर्यंत, बारा वर्षे, चालल्याचे सांगतात. बारा वर्षांचा दुष्काळ ही लोकस्मृतीची अतिशयोक्ती असावी असे आम्हांला पूर्वी वाटत असे. बस्तरच्या गुहेतील दगड त्या लोकस्मृतीच्या बाजूने साक्ष देईल ही कल्पनाही तेव्हा कोणी केली नसेल.

नर्मदेने स्वतःही आपली बखर लिहून ठेविली आहे. जबलपूरहून पश्चिमेस बरेच दूर, पुनासाच्या घळीत, पुराचे पाणी कपारींत आणि उपनद्यांच्या मुखांशी स्थिरावते तेव्हा बारीक गाळाचा एकेक थर टाकून जाते. जेवढा पूर मोठा तेवढा थर उंचावर. पुण्याच्या विद्यापीठातील भूगोलाचे अध्यापक विश्वास काळे, डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्र आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी हे थर वाचून सतराशे वर्षांच्या पुरांची कथा १९९६ साली प्रसिद्ध केली. त्यांना असे दिसले की मोठे पूर काळाच्या ओघात सारख्या अंतराने येत नाहीत. ते घोळक्याने येतात. मग शतकानुशतके नदी मर्यादेत राहते. आणि पुन्हा एकदा उग्र पुरांचा काळ उगवतो. म्हणजे आपल्या आजोबांनी नर्मदेचा जो स्वभाव पाहिला तोच तिचा सनातन स्वभाव असे समजण्यास आधार नाही.

गुहा आणि नदी या दोघांच्या साक्षीवरून चढउताराबद्दल एक गोष्ट पक्की होते. मनुष्याने धुराचा एकही कारखाना उभारण्यापूर्वी मध्य भारतातील पाऊस कित्येक दशके रुसत होता, आणि कित्येक दशके कोसळत होता. तेव्हा प्रत्येक अवर्षणाला आणि प्रत्येक पुराला आज जो 'हवामानबदल' हा एकच शब्द लावण्याची घाई होते, ती इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये.

या लहरी पावसाशी येथल्या लोकांनी कसा व्यवहार केला? त्याची साक्ष तळी देतात. जबलपुरात बावन ताल होते असे सांगतात. गढ्याचा राजा संग्रामशाह याच्या नावाचा संग्रामसागर, राणी दुर्गावतीचा रानीताल, तिच्या दासीचा चेरीताल, दिवाण आधार कायस्थाचा आधारताल, ही नावे आजही प्रत्येकाच्या तोंडी आहेत. दुर्गावती १५६४ साली रणांगणात पडली. तिची तळी तिच्या राज्याहून कितीतरी अधिक टिकली. वर्षाला पन्नास-पंचावन्न इंच पाऊस पडणाऱ्या गावात एवढी तळी खोदावी लागली याचा अर्थच असा की तो पाऊस तीन-चार महिन्यांत पडून जातो, आणि त्या महिन्यांतही त्याचा भरवसा नसतो, हे त्या राज्यकर्त्यांना पुरते उमगले होते.

शेतकऱ्यांची व्यवस्था याहूनही चतुर होती. जबलपूर, पाटण, कटंगी आणि नरसिंहपूरच्या बाजूस जी काळी सपाट जमीन आहे तिला 'हवेली' म्हणतात. मराठी वाचकाने येथे वाडा डोळ्यांपुढे आणू नये. हे शेतीच्या पद्धतीचे आणि प्रदेशाचे नाव आहे. शेताला चारही बाजूंनी कमरेएवढे मातीचे बांध घालावयाचे, पावसाळाभर पाणी आत कोंडून ठेवावयाचे, आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून देऊन ओल्या जमिनीत गहू, हरभरा, मसूर, जवस पेरावयाचे. त्या पिकाला पुढे पाटाचे पाणी लागत नसे. जमिनीत मुरलेली ओलच त्याला पुरे. तण कुजून जाई, जमीन भुसभुशीत होई. एकाच्या शेतातले पाणी दुसऱ्याच्या शेतातून वाहणार, तेव्हा ते कोणी केव्हा सोडावयाचे हे गावाने मिळून ठरवावे लागे. या पद्धतीचे मर्म असे की पाऊस आषाढात पडला काय, श्रावणात पडला काय, किंवा चार दिवसांत कोसळून गेला काय, बांधाच्या आत तो एकसारखा होऊन राही. आकाशातील विषमता जमिनीवर सपाट करण्याची ही युक्ती होती.

मात्र एका संकटापुढे ही युक्तीही चालत नसे. ते हिवाळ्यात येई. दाण्यात दूध भरण्याच्या वेळी आभाळ झाकोळले, मावठ्याचा पाऊस लांबला, हवा दमट राहिली, की गव्हावर तांबेरा पडे. येथले शेतकरी त्याला 'गेरुआ' म्हणतात. स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात जबलपूर जिल्ह्यातील १८२७ च्या हंगामाची हकीकत दिली आहे. त्या वर्षी जेवढे बी पेरले तेवढाही गहू घरात आला नाही असा त्यांचा अंदाज होता. या आपत्तीची कारणे लोकांनी काय लाविली, तेही त्यांनी टिपून ठेविले आहे. कोणी म्हणे हे गोहत्येचे पाप, कोणी म्हणे इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली त्याचे फळ. त्या लोकांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. एका वर्षाच्या अनुभवावरून कारण शोधू जाणारा मनुष्य त्याच्या मनात आधीपासून जे सलत असते तेच कारण म्हणून पुढे करतो. आजही याहून निराळे घडत नाही.

आणि आता सरकारी दप्तराची साक्ष. १८९३ ते १९०० ही वर्षे मध्य प्रांताच्या इतिहासात काळ्या शाईने लिहिली गेली. प्रथम दोन हंगामांत हिवाळ्यातील पाऊस वाजवीहून अधिक झाला आणि तांबेऱ्याने गहू खाल्ला. मग १८९६ साली पावसाळा चांगला सुरू होऊन भादव्याच्या तोंडाशीच एकाएकी थांबला. उभे भात करपले, आणि जमिनीत ओल नसल्यामुळे रबीची पेरणीही फसली. पाठोपाठ १८९९ साली पाऊस जवळजवळ आलाच नाही. विक्रम संवत १९५६ म्हणून तो 'छप्पनचा दुष्काळ' उत्तरेत अजूनही म्हणीसारखा उच्चारला जातो. १९०१ च्या शिरगणतीत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या ६,८०,५८५ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ती शेकडा नऊने घटली होती. शंभरातली नऊ माणसे उणी! आणि जी जन्मली असती पण जन्मलीच नाहीत त्यांची गणती कोणी केली?

या संहाराचा दोष एकट्या आकाशाला देता येणार नाही. १८७० साली मुंबईकडील आणि अलाहाबादकडील लोहमार्ग जबलपुरात येऊन मिळाले. येथला गहू मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला, आणि घरच्या पेवांत जो साठा राही तो पैशांत पालटला. सारा रोखीने द्यावयाचा, कर्ज सावकाराचे. लागोपाठ तीन हंगाम बुडाल्यावर शेतकऱ्याजवळ उरले काय? पण आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या दप्तरात एक मोठा धडा आहे. या सात वर्षांत पाऊस कधी नको तेव्हा अधिक, कधी हवा तेव्हा उणा, असा पडला. सगळ्या वर्षांची बेरीज करून सात्यांनी भागले, तर जी सरासरी येईल ती वाचून कोणालाही वाटणार नाही की या आकड्याखाली एवढी माणसे गाडली गेली आहेत. पीक सरासरीवर येत नाही. ते तिथीवर येते.

तिथीवार हिशेब ठेवण्याची पद्धत या देशात तोवर रुजू लागली होती. १८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांनी सरकारचे डोळे उघडले आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पुढील पावसाळा यांचा संबंध सुचविला. १९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे पडताळून पाहता पाहता प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरील वायुभारात चालणारे झोके शोधून काढले. आज 'एल निनो' म्हणून जे नाव वर्तमानपत्रांत झळकते ते या झोक्यांचेच भावंड होय. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही वेळी ते प्रबळ होते. नर्मदाकाठचा गहू का बुडाला याचे एक उत्तर पेरू देशाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात मिळावे, ही गोष्ट मोजणीच्या पापाच्या कल्पनेहून काही कमी अद्भुत नाही! भेद एवढाच की ती आकड्यांनी पडताळता येते.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. ते पुढे दिल्लीस गेले, पण आकड्यांचा अभ्यास पुण्यात राहिला. आणि १९६२ साली तेथे उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. आमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाचा जमाखर्च अशा रीतीने मराठी मुलखात लिहिला जात आहे. तो जमाखर्च काय सांगतो?

२००६ साली भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतील मध्य भारतातील रोजच्या पावसाची छाननी केली. ज्या चौकटीत त्यांनी हा अभ्यास केला तिच्यात जबलपूर येते. मोसमाच्या एकंदर पावसात त्यांना स्पष्ट घट वा वाढ आढळली नाही. परंतु एका दिवसात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले होते, आणि मध्यम पावसाचे प्रसंग कमी झाले होते. एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांनी एकमेकांना झाकून टाकले होते. म्हणून बेरीज शांत दिसत होती. २०१७ साली रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले. आणि २०२० साली भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे शेकडा सहा एवढा घटला.

म्हणजे सरासरी पुन्हा एकदा फसवीत आहे. एखाद्या माणसाला महिन्याचे अन्न रोज दोन वेळा वाढण्याऐवजी चार पंगतींत वाढले आणि मधले दिवस उपाशी ठेवले, तर शिध्याच्या वहीत बाकी बरोबर जुळेल. त्या माणसाची प्रकृती मात्र जुळणार नाही. शेताचे आणि विहिरीचेही तसेच आहे. संथ पाऊस जमिनीत मुरतो, कोसळणारा वाहून जातो आणि जाताना मातीही नेतो.

हा चढउतार आहे की बदल? गुहेने आणि नदीने सावध केल्यावर आम्ही हा प्रश्न सहज सोडणार नाही. पन्नास-साठ वर्षांच्या नोंदी नर्मदेच्या सतराशे वर्षांच्या बखरीपुढे थोड्याच आहेत. परंतु येथे दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली ही की तापमानाची वाढ एका खोऱ्यात वा एका देशात नसून साऱ्या पृथ्वीवर एकाच दिशेने चालली आहे. चढउताराला असे एकमत साधत नाही. दुसरी ही की या वेळी कारण हाताशी आहे. हवाई बेटावरील मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ पासून हवेतील कर्बवायू मोजला जातो. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरते, दर अंशामागे सुमारे शेकडा सात. म्हणून ती पाऊस देते तेव्हा ओंजळीने न देता घागरीने देते. एकंदर पाऊस घटण्याच्या बाबतीत मात्र याच अहवालाने हवेतील धूर आणि सूक्ष्म कण यांनाही जबाबदार धरले आहे. तेव्हा सर्व दोष एकाच खात्यावर मांडू नये.

येथे लम्हेटा घाटाचा तो चुना पुन्हा आठवावा. हवेत आजच्याहून पुष्कळ अधिक कर्बवायू असलेले जग कसे असते याची नोंद आमच्या नदीकाठीच पडलेली आहे. ते जग प्राण्यांनी गजबजलेले होते, ते नरक नव्हते. परंतु त्यात आमची हवेली नव्हती, गव्हाचे बी नव्हते, बावन ताल नव्हते, आणि शिरगणतीत मोजावयास माणसे नव्हती. त्या स्थितीच्या दिशेने निसर्ग जी वाट कोट्यवधी वर्षांत चालला असता तिच्यावर आपण काही पिढ्यांत धाव घेत आहोत. 'हवामान सदैव बदलत आले आहे' या वाक्याला उत्तर द्यावयाचे तर ते असे.

आणि या धावेत आपण हातातली काठी टाकून दिली आहे. बावन तालांपैकी कित्येक बुजले. चेरीताल आज वस्तीचे नाव आहे. रानीतालाच्या जागी क्रीडांगण झाले आहे. सोयाबीन आल्यापासून पावसाळ्यात शेतात पाणी कोंडून ठेवणे परवडेनासे झाले, आणि हवेलीचे बांध एकामागून एक फुटले. नर्मदेवर बरगी येथे १९९० च्या सुमारास मोठे धरण पुरे झाले. त्याने कालवे दिले, वीज दिली, ते उपकार नाकारण्याचे कारण नाही. त्याच धरणाने कित्येक खेडी विस्थापित केली, हेही विसरता येणार नाही. पण धरण एका जागी पाणी अडविते. बांध आणि ताल ते जेथे पडले तेथेच अडवीत होते. पाऊस जेव्हा बराचसा समजूतदार होता तेव्हा आमच्या पूर्वजांनी त्याच्या लहरीसाठी ही तजवीज केली. तो अधिक लहरी होऊ लागला तेव्हा आम्ही ती मोडली.

तेव्हा आजोबांच्या तक्रारीचा निकाल काय लागला? त्यांच्या तोंडी ती बहुधा उसासाच होती. त्यांच्या काळातील आकडे तिला पुष्टी देत नाहीत. आमच्या तोंडी मात्र ती, थोडा शब्द बदलून, खरी ठरत आहे. पाऊस पूर्वीच्या रीतीने पडत नाही, एवढे आज सप्रमाण म्हणता येते. आणि हे प्रमाण ज्यांच्यामुळे हाती आले ते लोक मोठे शास्त्रज्ञच होते असे नाही. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात, पितळी नळीत साचलेले पाणी रोज सकाळी मापून वहीत आकडा लिहिणारे कारकून हेही त्यांत होते. छप्पनच्या दुष्काळातही त्यांनी ती वही भरली. पाणी नसेल त्या दिवशी त्यांनी तेथे शून्य लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळीकडे गेले.